धरणात पाइल ठोकताना पाण्याखाली किती आवाज होतो, तो कसा मोजायचा

पाण्यात पाइलचे, म्हणजे बांधकामाच्या पायासाठी तळात उतरवायच्या खांबांचे, काम सुरू झाले की ढिवरांची, म्हणजे मच्छीमारांची, तक्रार ठरलेली असते: या बाजूला मासोळी फिरकेनाशी झाली. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, काठावर उभे राहा आणि सांगा, आवाज कुठे आहे? काठावर खरोखरच फारसे काही ऐकू येत नाही. पाण्यातल्या ध्वनीच्या ऊर्जेचा हजारातला एखादाच भाग पृष्ठभाग ओलांडून हवेत येतो, बाकीची पाण्यातच परत फिरते. त्यामुळे हा वाद कानाने मिटत नाही. पाण्यात यंत्र सोडावे लागते.

समुद्रावर हे मोजमाप आता रुळले आहे. उत्तर समुद्रात पवनचक्क्यांचे लोखंडी खांब ठोकताना जर्मनीत ७५० मीटर अंतरावर एका घावाची ऊर्जा-पातळी १६० डेसिबल आणि शिखर पातळी १९० डेसिबल यांच्या आत ठेवावी लागते, आणि तसे मोजून दाखवावे लागते. ठोकण्याचा आवाज कसा मोजायचा हे आयएसओ १८४०६ या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात दिले आहे. संज्ञांच्या व्याख्या त्याच वर्षीच्या आयएसओ १८४०५ मध्ये आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे समुद्र नाही. पण वैनगंगेवर पूल उभे राहतात, गोसेखुर्द, इटियाडोहसारखे मोठे जलाशय आहेत, पाणीपुरवठ्याच्या जॅकवेल (पाणी उपसायच्या विहिरी) जलाशयात बांधल्या जातात, आणि शेकडो मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मच्छीमार संस्थांची पोटे चालतात. समुद्रातली पद्धत आपल्या चार मीटर पाण्यात जशीच्या तशी चालत नाही. ती कुठे जशी आहे तशी घ्यायची आणि कुठे बदलायची, हे मी मच्छीमार संस्था, कॉलेजांचे विज्ञान विभाग आणि साइटवरचे तरुण इंजिनिअर यांच्यासाठी लिहितो आहे.

काम सुरू होण्याआधीचे पाणी

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, कारण तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. पाण्यात पहिला लाइनर (पाइलसाठीचे लोखंडी नळकांडे) उतरण्याआधी त्या पाण्याचा मूळचा आवाज नोंदवलेला हवा. काम सुरू झाल्यावर कितीही महागडे यंत्र आणले तरी ही नोंद परत मिळत नाही, आणि तिच्याशिवाय ‘आवाज वाढला’ हे वाक्य कोणत्याही कार्यालयात टिकत नाही.

मूळचे पाणी शांत असते, असे समजू नका. तलावातले पाणकिडे रात्री काही हजार हर्ट्झवर सतत किरकिरतात. पाणवनस्पती दाट असतील तर दुपारच्या उन्हात त्यांच्या पानांवरून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात आणि हायड्रोफोनमध्ये, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनमध्ये, टिकटिक भरून जाते. पावसाची सर आली की सगळा वरचा पट्टा झाकला जातो. आपल्याकडे यात काठावरच्या शेतीपंपांची भर पडते. शेतीची वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते, त्यामुळे एकाच दिवसाची नोंद फसवी ठरते. निदान पंप चालू असतानाचा आणि बंद असतानाचा, असे दोन्ही प्रकारचे दिवस आणि रात्री नोंदवा. सलग रेकॉर्डिंग जमत नसेल तर दर तासाला पाच मिनिटे, हे वेळापत्रक पुरेसे आहे. पुढे काम चालू असताना याच जागी, याच खोलीवर, याच यंत्राने मोजायचे.

यासोबत एक वही ठेवा, तिची किंमत यंत्राइतकीच आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या भागात, किती जाळी टाकली आणि किती किलो रोहू, कतला, मृगळ, मरळ निघाली, याची रोजची नोंद संस्थेने काम सुरू होण्याच्या आधीपासून ठेवावी. नुसते डेसिबल मासळीबद्दल काही सांगत नाहीत आणि नुसती घटलेली मासळी आवाजाबद्दल काही सांगत नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की बोलता येते.

परवानगी आणि डोंगा

मोठ्या जलाशयावर जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याचे, मामा तलाव असेल तर जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाचे पत्र घ्या. ज्या संस्थेकडे मासेमारीचा ठेका आहे तिला कळवा. तलाव अभयारण्यात येत असेल तर वनविभागाची परवानगी वेगळी. साइटवर काम करणाऱ्या कंपनीलाही लेखी सांगा, कारण घावांची नोंद तिच्याकडूनच मिळणार आहे. लपूनछपून घेतलेले मोजमाप कितीही खरे असले तरी त्याला ही जोड मिळत नाही.

डोंगा चालवायला त्याच तलावावरचे जाणते ढिवर काका घ्या. बुडालेली झाडे, जुन्या विहिरी, गाळाचे खड्डे त्यांना पाठ असतात. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचे, पोहता येणाऱ्यांनीही.

यंत्र निवडताना

हायड्रोफोन विकत घेताना एक आकडा पाहायचा: संवेदनशीलता. स्वस्त आणि चांगल्या हायड्रोफोनची संवेदनशीलता साधारण उणे १८० डेसिबल (१ मायक्रोपास्कलला १ व्होल्ट या संदर्भाने) असते. असा हायड्रोफोन १ व्होल्टपर्यंत घेणाऱ्या रेकॉर्डरला लावला तर १८० डेसिबलच्या शिखरालाच रेकॉर्डर भरतो. त्यापुढचा आवाज कापला जातो आणि आलेखाचे टोक सपाट दिसते. लोखंडी खांबावर जड हातोडा पडत असेल तर १० मीटरवर शिखर २०० च्या पलीकडे सहज जाते. म्हणजे जवळच्या ठिकाणासाठी उणे २१० च्या आसपासचा, कमी संवेदनशील हायड्रोफोन लागतो. ब्रुएल अँड केअरचा ८१०३ हा उणे २११ चा आहे. मूळच्या शांत पाण्यासाठी मात्र तो बहिरा ठरतो. तिथे उणे १८० वालाच हवा. दोन वेगळी कामे, दोन वेगळे हायड्रोफोन. एकाच यंत्रात भागवायचा मोह टाळा.

हायड्रोमॉथसारखे स्वस्त, स्वयंचलित रेकॉर्डर आले आहेत. किडे कधी ओरडतात, ठोकाठोक किती वाजता सुरू झाली, हे पाहायला ते उत्तम आहेत. पण कॅलिब्रेट केलेले नसताना त्यावरून डेसिबलचा आकडा लिहू नये. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात सोडण्याचे व्हिडिओ फिरतात. मोबाइल आवाज आपोआप कमीजास्त करतो, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

रेकॉर्डरवर स्वयंचलित गेन (आवाज आपोआप कमीजास्त करणे) बंद करा. ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. एमपी३ नको, कारण ती माणसाच्या कानाला नको असलेला भाग फेकून देते आणि आपल्याला तोच भाग हवा असू शकतो. गेनचा खटका एकदा ठरवला की त्यावर चिकटपट्टी लावा आणि तो वहीत लिहा.

कॅलिब्रेशन दोन टप्प्यांत होते. हायड्रोफोनचे प्रमाणपत्र प्रयोगशाळेचे. त्याशिवाय प्रत्यक्ष जागेवर, मोजणीच्या आधी आणि नंतर, पिस्टनफोनमध्ये हायड्रोफोन बसवून २५० हर्ट्झचा माहीत असलेला सूर रेकॉर्ड करायचा. आधीचा आणि नंतरचा सूर एक डेसिबलपेक्षा जास्त सरकला तर त्या दिवसाची मोजणी बाद धरावी, असे माझे मत आहे. विद्यापीठांतल्या किंवा समुद्रविज्ञानाच्या संस्थांमधल्या प्रयोगशाळांकडून पिस्टनफोन उसना मिळू शकतो. विचारायला संकोच करू नका.

उथळ पाणी वेगळे वागते

समुद्रात पवनचक्क्यांच्या जागी साधारण २०–४० मीटर पाणी असते. आपल्याकडे पाण्यातली कामे पावसाळा उलटल्यावर सुरू होतात आणि उन्हाळ्यात जोर धरतात, म्हणजे नेमकी पाणी उतरत असताना. उथळ पाण्यात खोल, घुमणारा आवाज लांब जाऊ शकत नाही. तळ कठीण खडकाचा असेल तर सुमारे हिशेब असा: ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला १५०० मीटर, खोलीच्या चौपटीने भागा. ५ मीटर पाण्यात ७५ हर्ट्झच्या खालचा, ३ मीटरमध्ये १२५ च्या खालचा आणि २ मीटरमध्ये जवळपास १९० च्या खालचा आवाज थोड्याच अंतरात मरतो. गाळाचा तळ असेल तर ही मर्यादा आणखी वर सरकते.

याचे दोन परिणाम नीट समजून घ्या. पहिला: मार्चमधली आणि मेमधली मोजणी एकाच अंतरावर घेतली तरी ती एकाच परिस्थितीची नसते, कारण मध्ये पाणी उतरलेले असते. म्हणून प्रत्येक मोजणीसोबत खोली लिहायलाच हवी. नुसती धरणाची पातळी नको, हायड्रोफोनच्या खालची प्रत्यक्ष खोली. दोरीला शिशाचे वजन बांधून ती मोजता येते. दुसरा: व्हायब्रो हॅमरची (थरथरवून पाइल उतरवणाऱ्या यंत्राची) मूळ थरथर साधारण २० ते ४० हर्ट्झची असते. उथळ पाण्यात ती लांब जात नाही, पण तिच्या पटीतले वरचे सूर जातात. दूरच्या ठिकाणी मूळ सूर दिसला नाही म्हणून ‘आवाज पोहोचलाच नाही’ असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चूक आहे.

गाळ म्हणजे आणखी एक कोडे. उन्हाळ्यात कुजणाऱ्या गाळात मिथेनचे बुडबुडे साठतात आणि असा गाळ ध्वनीला साध्या चिखलापेक्षा अगदी वेगळे वागवतो. त्यात दुपारी वरचे पाणी तापते आणि ध्वनी खालच्या थंड थराकडे वाकतो, म्हणून सकाळची आणि दुपारची आकडेवारी वेगळी येते. या कारणांमुळे पुस्तकातले सूत्र लावून ‘५०० मीटरवर इतके असेल’ असे लिहिण्यापेक्षा ५०० मीटरवर जाऊन मोजावे.

शिवाय ठोकण्याचा धक्का जमिनीतूनही जातो आणि पुढे कुठेतरी पाण्यात पाझरतो. पूर्व विदर्भातल्या जुन्या कठीण खडकावर हे विशेष लक्षात ठेवा. काठावर, कोरड्यात चाललेले कामसुद्धा पाण्यात मोजण्यासारखे असते.

ठिकाणे कुठे धरायची

किमान तीन ठिकाणे, एका रेषेत: पाइलपासून १० मीटर, साधारण १०० मीटर आणि जिथे संस्थेची जाळी पडतात किंवा मासोळी अंडी घालायला येते ती जागा. ७५० मीटरचा जर्मन आकडा तुलनेसाठी चांगला आहे, पण छोट्या तलावात तेवढी रुंदीच नसते. तलावाला वळण असेल तर वळणापलीकडे चौथे ठिकाण घ्या.

१० मीटरचे अंतर मोबाइलच्या जीपीएसवर सोडू नका. तिथे पाच मीटरची चूक म्हणजे दोन ते साडेचार डेसिबलचा फरक. दोर किंवा लेझर वापरा. २०० मीटरवर तीच पाच मीटरची चूक नगण्य असते, तिथे जीपीएस चालतो.

हायड्रोफोन पाण्याच्या खालच्या अर्ध्या भागात, पण तळाला न टेकता ठेवायचा. पृष्ठभागाजवळ परावर्तित ध्वनी मूळ ध्वनीला खोडून काढतो आणि आकडा खोटा, कमी येतो. डोंग्यावरून थेट लोंबकळवू नका. लाटांनी तो वरखाली होतो आणि डोंग्यावरचे प्रत्येक पाऊल रेकॉर्ड होते. तळाला दगडाचा नांगर, त्यावर दोर, पाण्याखालीच राहणारा छोटा फ्लोट आणि मध्ये हायड्रोफोन, ही मांडणी उत्तम. दोरात रबराचा एक तुकडा घाला म्हणजे झटके शोषले जातात. साखळी आणि लोखंडी कड्या टाळा, त्या खणखणतात. वाहत्या नदीत प्रवाह हायड्रोफोनवर आपटून स्वतःच घुमतो. तो आवाज खरा नाही. शक्यतो प्रवाहाच्या आडोशाला, बंधाऱ्याच्या वरच्या शांत पाण्यात मोजा.

घावांची वही

साइटवर एक माणूस बसवा. त्याच्या घड्याळाची आणि रेकॉर्डरची वेळ सेकंदापर्यंत जुळवलेली हवी. त्याने लिहायचे: कोणती पाइल, व्यास, लाइनर ठोकताय की व्हायब्रोने उतरवताय की चिझेलने खडक फोडताय, वजन किती, किती उंचीवरून पडते, मिनिटाला किती घाव, कधी थांबले, का थांबले. २ टनांचे चिझेल दीड मीटरवरून पडले तर एका घावात जास्तीत जास्त २९ किलोज्यूल ऊर्जा असते. उंची अर्धी केली तर ती निम्मी होते. पुढे काही मागायचे असेल तर मागणी याच दोन आकड्यांवर उभी राहते, म्हणून ही वही सैलपणे भरू नका. आसपास टिप्पर, पंप, मोटरबोट काय चालू होते, तेही लिहा.

आकडे काढणे

रेकॉर्डिंग आधी कानाने ऐका आणि आलेख डोळ्यांनी पाहा. कापलेली टोके असलेले घाव वेगळे काढा. मग ऑडासिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घाव वेगळे करता येतात. डेसिबल काढायला पामगाइड किंवा पायथनमधला छोटा प्रोग्राम पुरतो.

ठोकण्याच्या कामासाठी तीन आकडे लागतात. शिखर पातळी: घावातला सगळ्यात मोठा दाब. एका घावाची साउंड एक्स्पोजर लेव्हल, म्हणजे एसईएल: त्या घावातली एकूण ऊर्जा. आणि दिवसभराची एकत्रित एसईएल: एका घावाच्या पातळीत घावांच्या संख्येच्या लॉगची दहापट मिळवायची. १००० घाव म्हणजे ३० डेसिबलची भर. घाव कमीजास्त जोराचे असतील तर प्रत्येकाची ऊर्जा वेगळी काढून बेरीज करा. व्हायब्रो आणि ड्रिलिंगला घाव नसतात. तिथे सेकंदासेकंदाची सरासरी पातळी काढून तिचे ५, ५० आणि ९५ टक्क्यांचे आकडे द्या.

मूळ पाण्यापेक्षा घाव किमान १० डेसिबलने वर असेल तरच आकडा निःशंक लिहा. फरक त्याहून कमी असेल तर तसे नमूद करा.

एक गोष्ट वारंवार गोंधळ घालते. पाण्यातले डेसिबल १ मायक्रोपास्कलला धरून असतात, हवेतले २० मायक्रोपास्कलला. नुसत्या या फरकाचे २६ डेसिबल होतात आणि पाण्याच्या घनतेचा व वेगाचा हिशेब धरला तर समान तीव्रतेसाठी एकूण सुमारे ६२. म्हणून ‘पाण्यात १६० डेसिबल म्हणजे विमानापेक्षा मोठा’ अशी बातमी छापू देऊ नका. चूक आपल्या बाजूची असली तरी ती चूकच, आणि समोरचा इंजिनिअर ती पहिल्या मिनिटाला पकडतो.

मासळीला काय होते

रोहू, कतला, मृगळ आणि मागूर यांच्या शरीरात हवेची पिशवी आणि अंतःकर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. त्यामुळे यांना इतर कित्येक माशांपेक्षा बरेच चांगले ऐकू येते. आपल्या तलावांतली मुख्य मासळी हीच, म्हणजे आवाजाच्या बाबतीत आपले पाणी जास्त हळवे आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २००८ पासून वापरात असलेले इजेचे निकष असे आहेत: शिखर २०६ डेसिबल, एकत्रित एसईएल २ ग्रॅम किंवा त्याहून मोठ्या माशांसाठी १८७ आणि लहानांसाठी १८३. समजा जाळ्यांच्या जागी एका घावाची एसईएल १५५ आली. तेवढ्यावर कुणी काही म्हणणार नाही. पण दिवसात २००० घाव पडले तर ३३ मिळवून १८८ होतात, आणि मोठ्या माशाचीही मर्यादा ओलांडली जाते. मत्स्यबीज सोडलेल्या तलावात तर १८३ चाच निकष धरावा. हे निकष इजेचे आहेत. मासोळी पळून जायला याहून बराच कमी आवाज पुरतो. कार्प जातीच्या माशांचा विणीचा हंगाम पावसाळ्यात, जून ते ऑगस्टचा असतो, तेव्हा काम लांबत तिथवर गेले तर मोजणीही तिथवर न्या.

मासे दाबासोबत पाण्याच्या कणांची हालचालही जाणतात, विशेषतः तळाशी चरणारी मृगळ. हायड्रोफोन फक्त दाब मोजतो. अहवालात हे स्पष्ट लिहा.

खडक सुरुंगाने फोडणार असतील तर हायड्रोफोन घेऊन जवळ जाऊ नका. त्यासाठी स्फोटाच्या दाबाचे वेगळे सेन्सर लागतात. कॅनडाच्या १९९८ च्या मार्गदर्शक सूचनांत माशांच्या अधिवासात १०० किलोपास्कलपेक्षा जास्त दाब होऊ नये असे म्हटले आहे. डेसिबलमध्ये ते २२० होतात.

मेलेली मासोळी वर आली तर लगेच आवाजावर बोट ठेवू नका. उन्हाळ्यात पहाटे पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे त्यानेही मरतात. प्राणवायूचे मीटर जवळ ठेवा, पहाटेची नोंद घ्या. ताजी मासोळी पशुवैद्यक किंवा मत्स्यविज्ञानाच्या माणसासमोर कापून पाहा: हवेची पिशवी फाटलेली आहे का, पोटात रक्तस्राव आहे का. तारीख, वेळ, जागा यांसह फोटो काढा. सडलेल्या माशावरून काहीच कळत नाही.

अहवाल आणि मागणी

अहवालातला प्रत्येक आकडा एकटा वाचला तरी पुरा कळेल असा लिहा. उदाहरणार्थ: ‘पाइल क्र. ३, चिझेलने खडक फोडताना, २१० मीटरवर, ४ मीटर पाण्यात, हायड्रोफोन ३ मीटर खोल, एका घावाची मध्यक एसईएल १५५ डेसिबल, संदर्भ १ मायक्रोपास्कल-वर्ग सेकंद, दिवसात २००० घाव.’ यातला एकही तुकडा गाळला तर आकडा तुलनेला निरुपयोगी होतो. मूळ वेव्ह फाइलींच्या दोन प्रती करा. एक संस्थेच्या कार्यालयात, एक कॉलेजात.

मागणी नेमकी ठेवा. ‘काम बंद करा’ या मागणीला उत्तर मिळत नाही, खालच्या मागण्यांना मिळते. सुरुवातीची काही मिनिटे कमी उंचीवरून हळू घाव, म्हणजे मासोळीला दूर जायला वाव मिळतो. दिवसाच्या घावांवर मर्यादा. पाइलभोवती कॉम्प्रेसरच्या हवेच्या बुडबुड्यांचा पडदा: नीट बसवलेला पडदा १० डेसिबल किंवा जास्त आवाज रोखू शकतो, आणि आपल्याकडच्या शांत पाण्यात प्रवाह त्याला वाहून नेत नाही, ही जमेची बाजू. पण पडदा लावला एवढ्यावर थांबू नका. त्याच पाइलवर काही घाव पडदा चालू ठेवून आणि काही बंद ठेवून मोजायला सांगा. जमिनीतून जाणारा धक्का पडदा अडवत नाही, म्हणून ही मोजणी जवळच्या ठिकाणी आणि जाळ्यांच्या जागी, दोन्हीकडे एकाच वेळी घ्यावी लागेल.